उत्तर: मे २०२१: खाटा की ऑक्सिजन?

मंडळी,
आरोग्य-गप्पांसाठी मुद्दा टाकतोय. माझ्या मते गोव्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हॉस्पिटलच्या खाटाच अपुऱ्या पडल्या. आयव्हरमेक्टिन, म्हणजे जंतांवरच्या गोळ्यांचं औषध, घरोघरी वेळेत पोचलं असतं, तर एवढी गर्दी झालीच नसती. तिथल्यांनी सांगावं.
(दुबईहून)

भाई,
खाटा कमी होत्याच, बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, पेशंट जमिनीवरही होते. पण नर्स म्हणून सांगते, खाट मोजून काही कळत नाही, तिच्यापाशी ऑक्सिजनचा दाब किती येतो ते बघावं लागतं. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर वायू. मास्कवर मिनिटाला १५ लिटर धरले तर तो पावणेआठ तास पुरतो. हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देताना, ६० लिटर लागले तर दोन तासही नाही. तेव्हा ट्रॉलीत जोडलेले सिलिंडर ट्रॅक्टरने आणायचे. जुनी ट्रॉली काढून नवी जोडेपर्यंत दाब पडतो, आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाला तेवढी मिनिटंही जड जातात. ११ मेच्या पहाटे २ ते ६ या वेळात २६ जण गेले, हे खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं. ट्रॅक्टर-ट्रॉलीची अडचण हायकोर्टातही निघाली. द्रवरूप ऑक्सिजनची मोठी टाकी बसवली ती त्यानंतर. आधी का नाही, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर १० मे रोजी १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ५ दिवस १२ मिलिग्रॅम, अशी घोषणा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच सांगितलं होतं की हे औषध चाचण्यांपुरतंच ठेवा. पुढे मोठ्या चाचणीतही फायदा दिसला नाही. खरं कामाचं निघालं ते स्वस्तातलं स्टेरॉइड, डेक्सामेथासोन. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा नाही. आमच्या ओळखीत लोक ताप आला की पहिल्याच दिवशी ते घेत बसले, डॉक्टरला न विचारता!
(फोंड्याहून)

ताई,
ट्रॅक्टरचं मान्य. पण तेव्हा तपासलेल्या दोघांत एक पॉझिटिव्ह निघत होता. एवढा फैलाव असताना कुठली टाकी पुरणार? निर्बंध एप्रिलच्या मध्यालाच हवे होते. आज लागण झालेला आठ-दहा दिवसांनी हॉस्पिटलात येतो, तेव्हा कुलूप लावून काय उपयोग?
(म्हापशाहून)

म्हापसेकर,
फैलावाचं पटलं. तरी निर्बंध वेळेत लागले असते म्हणून ट्रॉली बदलताना दाब पडायचा थांबला नसता. गप्पांना डॉक्टर बोलवाच, पण ऑक्सिजन लाइन सांभाळणारा तंत्रज्ञही हवा. माझ्या ओळखीत एक आहेत, विचारून कळवते.
(फोंड्याहून)