पडीत वाडी, हरळी आणि मोथा : रोटाव्हेटर फिरवण्याआधी वाचा

लेस्टरहून

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातली घरची भाजीची वाडी पुन्हा उभी करायची आहे. पाच गुंठे, विहिरीला लागून, भारी काळी जमीन, चार पावसाळे पडीत. हरळी सगळीकडे, पाटाच्या कडेनं मोथा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाजरगवत. गावातला ट्रॅक्टरवाला रोटाव्हेटर मारून एका दिवसात मोकळी करून देतो म्हणतो. इकडे अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावर, लोक काळी ताडपत्री नाहीतर पुठ्ठे अंथरून तण मारतात, ते तिथं चालेल का? दिवाळीच्या सुमारास वांगी, टमाटे, सांबार (कोथिंबीर), पालक घ्यायचा बेत आहे.

दारव्ह्याजवळून

भाऊ, आधी त्या ट्रॅक्टरवाल्याला थांबवा.

हरळीच्या जमिनीतल्या काडीला प्रत्येक पेरावर डोळा असतो. दोन पेरांचा तुकडा ओलीत पडला की नवं झाड. मोथ्याचं गणित वेगळं आहे. त्याच्या गाठी एका बारीक मुळीवर माळेसारख्या ओवलेल्या असतात. टोकाची गाठ फुटते आणि मागच्यांना दाबून ठेवते. माळ तुटली की दबलेल्या गाठी आपापल्या फुटतात. रोटाव्हेटर वरच्या चार-पाच इंचांत नेमकी हीच तोडातोड करतो, आणि वर भुसभुशीत माती घालून तुकडे झाकूनही देतो. जून लागला की पहिल्यापेक्षा दाट.

पण तुटणं मुळात वाईट नाही. तुटून ओल मिळणं वाईट. तीच तोड एप्रिलच्या कोरड्या जमिनीत केली आणि तुकडे उघड्यावर पडले, तर आपलं निम्मं काम ऊनच करतं. म्हणून सगळं तारखेवर आहे.

मार्चच्या अखेरीस वाडीचं पाणी पूर्ण तोडा. पाट बुजवा, ठिबकची गळती पाहा, विहिरीच्या थाळ्यातून झिरपणारा कोपरा असेल तर तिथं चर काढून पाणी बाहेर वळवा. मोथा नेहमी त्याच कोपऱ्यात तग धरतो. जमिनीला भेगा पडल्या की पलटी नांगरानं वीत-दीड वीत खोल नांगरटी करा. नांगराचे तास, म्हणजे चऱ्या, उघडे राहू द्या, लगेच वखर (माती उथळ हलवणारं औत) फिरवू नका. आठ-दहा दिवस नुसतं तापू द्या.

मग येते काळ्या मातीची खरी अडचण, ढेकळं. डोक्याएवढं ढेकूळ बाहेरून दगड, आतून थंड. त्यात अडकलेली मोथ्याची गाठ मे महिनाही काढते. ट्रॅक्टरनं काम होत नाही ते इथं. पाच गुंठे म्हणजे जेमतेम साडेपाच हजार चौरस फूट, तेव्हा माणसं लावून कुदळीच्या पाठीनं ढेकळं फोडून घ्या, सोबतच हरळीच्या काड्या दाताळ्यानं ओढून गोळा करा. त्या धुऱ्यावर फेकू नका, धुऱ्यावरूनच परत उतरतात. पत्र्यावर नाहीतर मुरमाड उघड्या जागेवर पसरून कडकडीत वाळवा. त्यानंतर दर दहा-बारा दिवसांनी वखराची पाळी, दर वेळी आधीच्या पाळीला आडवी, म्हणजे खालची बाजू वर येते.

गाठ मेली की जिवंत हे नखानं मोडून कळतं. आत पांढरी, ओलसर, मोथ्याचा वास येणारी असेल तर जिवंत. तपकिरी, कोरडी, चुरा होणारी असेल तर गेली. मेच्या मध्याला वाडीत पाच-सहा ठिकाणी खणून मूठमूठ गाठी तपासा. निम्म्यांहून जास्त पांढऱ्या निघाल्या तर अजून दोन पाळ्या.

मधेच अवकाळी पाऊस आला तर वापसा येताच, म्हणजे चिखल न होता औत चालेल इतकी जमीन सुकताच, त्याच आठवड्यात वखरा. उशीर केला तर आधीची मेहनत पाण्यात.

अकोल्याहून

दादांनी सांगितलेलं बरोबर. ताडपत्रीचा प्रश्न राहिला, तेवढा मी घेते, कारण परदेशातली मंडळी इथं हमखास गोंधळतात.

काळ्या आच्छादनानं तण मरतं ते उपासमारीनं. झाकलेलं झाड वाढायची धडपड करतं, उजेड मिळत नाही, काडीतला साठा संपतो, मग मरतं. त्यासाठी झाड वाढीत असावं लागतं. तुमच्याकडे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो, म्हणून वसंतापासून झाकलं की जमतं. विदर्भात एप्रिल-मेमध्ये कोरड्या जमिनीतली हरळी झोपलेली असते. तिच्यावर ताडपत्री घातली तर उपासमार तर होत नाहीच, उलट उन्हापासून सावली आणि जमिनीत उरलीसुरली ओल मात्र मिळते. म्हणजे उन्हाळ्यात उघडं, पावसाळ्यात झाकलेलं, हा इथला क्रम. जूनच्या पहिल्या पावसानंतर हरळी हिरवी झाली की काळी ताडपत्री घाला आणि पावसाळाभर ठेवा, तेव्हा ती खरोखर उपयोगी. मोथ्यावर मात्र फार भरवसा नको. त्याचं टोक पातळ मल्चिंग पेपर सरळ भोसकून वर येतं, त्याला जाड ताडपत्रीच हवी.

पुठ्ठ्याचं म्हणाल तर आपल्याकडे उधई (वाळवी) आहे. दीड महिन्यात खाली मातीचे बोगदे दिसतात, पुठ्ठा दिसत नाही.

पारदर्शक प्लास्टिक हा तिसरा प्रकार, आणि त्याची तऱ्हा उलटी. ते उजेड अडवत नाही, माती तापवतं, आणि त्याला ओल लागते, कारण ओली माती उष्णता खोलवर नेते आणि फुगलेलं बी लवकर मरतं. म्हणजे मोथा वाळवायचा आणि प्लास्टिकनं तापवायचं, ही दोन्ही कामं एकाच जागेवर एकाच वेळी होत नाहीत. पाचही गुंठे प्लास्टिकनं झाकायच्या फंदात पडू नका. हे फक्त रोपवाटिकेच्या वाफ्यांसाठी करा.

तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच गादीवाफे. माती बारीक, काडीकचरा वेचलेला, नाहीतर टोकांनी प्लास्टिक फाटतं. भरपूर पाणी देऊन दुसऱ्या दिवशी २५ मायक्रॉनचा, म्हणजे १०० गेजचा पारदर्शक कागद मातीला चिकटवून ताणा. मधे हवा राहिली की तापमान चढत नाही. चारी कडा चर खणून मातीत गाडा. एप्रिलच्या शेवटापासून चार ते सहा आठवडे. काढल्यावर वाफा खोल खणायचा नाही, वरचे दोन इंच हलवा, बस. खालची माती वर आणली की खालचं जिवंत बीही वर येतं. घोळ यातूनही उगवते, पण तिची तक्रार कोण करेल, भाजी करा.

टोरांटोहून

एक शंका. घरचे म्हणतात, कशाला एवढा खटाटोप, ग्लायफोसेट या तणनाशकाचे दोन पंप मारून टाकू. नाहीतर मीठ आणि व्हिनेगर. इंटरनेटवर सगळीकडे तेच आहे.

अकोल्याहून

मीठ अजिबात नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा, सोडियम चढलेली काळी माती कशी वागते ते. कण सुटतात, पाणी मुरत नाही, वाळली की फरशी होते. तिथं ते भूगर्भातून आलंय, तुम्ही ते हातानं कशाला आणता? आणि व्हिनेगर पानं जाळतं, गाठीला त्याचा पत्ताही लागत नाही.

ग्लायफोसेटबद्दल : केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. त्याआधीही भाजीपाल्याची शिफारस लेबलवर नव्हती. ते बाजूला ठेवलं तरी उन्हाळ्यात ते चालत नाही. औषध हिरव्या पानातून रसाबरोबर खाली गाठीपर्यंत उतरायला हवं, आणि सुकलेल्या, धूळ बसलेल्या पानात रसच वाहत नाही. धुळीला आणि गढूळ पाण्यातल्या मातीला ते चिकटून निकामी होतं ते वेगळंच. मोथ्यासाठी दुकानदार हॅलोसल्फ्युरॉन पुढे करेल. ते ऊस आणि मक्यासाठी आहे, वांग्या-टमाट्यासाठी नाही. पेंडीमिथॅलीन कांद्यात वापरतात, पण ते उगवणाऱ्या बियांना रोखतं, काडी-गाठीवरून फुटणाऱ्या तणाला नाही. म्हणजे तुमच्या वाडीतल्या दोन्ही मुख्य दुखण्यांवर ते कुचकामी.

आणखी एक. शेजाऱ्याचा पंप मागून आणू नका. त्यातून आधी २,४-डी हे तणनाशक मारलेलं असेल तर पंपात राहिलेला अंशही टमाट्याची आणि पऱ्हाटीची (कपाशीची) पानं वाकडी करायला पुरतो. आणि फवारणी हे उघड्या अंगानं उरकायचं काम नव्हे, २०१७ मध्ये विषबाधेनं माणसं गेली ती याच यवतमाळ जिल्ह्यात.

दारव्ह्याजवळून

ताईंनी बरं केलं. आता जूननंतरचं, कारण उन्हाळ्यात मेहनत करून पावसाळ्यात वाडी रिकामी सोडणारेच जास्त.

पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच काही पेरू नका. आठ-दहा दिवसांत उरलेला मोथा आणि बियांचं तण हिरवं दिसतं. वापसा आला की उथळ वखरणी. मोथा तीन-चार पानांवर असतानाच कापला गेला पाहिजे. उगवून तीनेक आठवडे झाले की तो खाली नव्या गाठी धरायला लागतो, मग कापणं म्हणजे नुसती हजामत. खुरप्यानं काढताना पानं धरून ओढू नका, पान हातात येतं, गाठ खालीच राहते. खुरपं बाजूनं खोल घालून गाठीसकट उचला.

त्यानंतर, जिथं ताडपत्री घातली नाही तिथं, बोरू, म्हणजे हिरवळीच्या खताचा ताग. पाच गुंठ्यांना हिरवळीसाठी अडीच-तीन किलो बी पुरतं, पण इथं तण दाबायचं आहे, म्हणून चार किलो दाट फेका. हरळी आणि मोथा दोघांनाही सावली सोसत नाही, बोरूची दाटी त्यांना जेरीस आणते. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फुलं दिसू लागली की कापा. त्यापुढे खोड ताठरतं, कुजायला वेळ लागतो आणि कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं. ऑगस्टमध्ये भारी जमीन कित्येकदा वापशावर नसते. तेव्हा गाडायचा हट्ट धरू नका, कापून तसाच जमिनीवर लोळू द्या. ओल्या काळ्या मातीत नांगर घातला तर जी ढेकळं पडतात ती दिवाळीपर्यंत फुटत नाहीत. उघडीप मिळाली की गाडा, आणि रोपं लावण्याआधी तीन-चार आठवडे जाऊ द्या.

पहिल्या वर्षी काय लावायचं, यावर माझं मत ठाम आहे : रोपांची पिकं. वांगी, टमाटे, कोबी. रोप चार-सहा आठवड्यांचं होऊन येतं, म्हणजे तणाच्या पुढे निघालेलं असतं, ओळीत अंतर असतं, डवरा किंवा कोळपं, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं अवजार, फिरतं. सांबार, पालक, मेथी यंदा फक्त ताईंनी सांगितलेल्या तापवलेल्या वाफ्यांत. मोकळ्या वाडीत सांबार फेकला तर उगवायलाच दहा-बारा दिवस, तोवर निंदणाऱ्या बाईला सांबार कुठला आणि तण कुठलं हे ओळखता येत नाही. कांदा तर दोन वर्षं मोथ्याच्या जागेत नकोच. त्याची पात सावली धरत नाही.

आच्छादन रोपं रुजल्यावर, ऑक्टोबर उलटल्यावर. तुरीचं कुटार (मळणीतला भुसा) तीन-चार इंच जाड, खोडापासून बोटभर-दोन बोटं दूर. पावसाळ्यात भारी जमिनीवर जाड कुटार घातलं की खोडाशी ओल साचून रोपं कुजतात. सोयाबीनचं कुटार चालतं, पण शेतात तण होतं की नाही ते विचारून घ्या, मळणीत तणाचं बी त्यातच येतं. पाणी ठिबकनं द्या. पाटानं दिलं की पाटाच्या कडेचं सगळं बी वाडीभर वाटलं जातं, शिवाय दोन ओळींमधली जागाही ओली होते, तिथं तणाशिवाय काय येणार?

धुरा विसरू नका. हरळी आत येते ती तिथूनच. वाडीच्या चारी अंगांनी फूटभर खोल, वीतभर रुंद चर ठेवा आणि त्यात उतरलेल्या काड्या महिन्याकाठी छाटा.

लेस्टरहून

दादा, ताई, फार आभार. गाजरगवताचं काय? उपटून नाडेपच्या टाक्यात टाकलं तर चालेल?

अकोल्याहून

फुलं येण्याआधी असेल तर चालेल, खत चांगलं होतं. फुलावर आलेलं अजिबात नको. एका झाडाला हजारोंनी बिया धरतात, आणि नाडेप हे जाळीदार विटांचं हवेशीर टाकं. मध्ये गरम होतं, कडेचा थर बी मरण्याइतका तापत नाही. टाक्यात दोष नाही, पुसदच्या नाडेपकाकांची पद्धत कमी शेणात जास्त खत करण्यासाठी आहे, तणाचं बी मारण्यासाठी नाही. कच्च्या शेणखतालाही हेच लागू. उकिरड्यावरून थेट वाडीत गाडी रिकामी केली की केना, माठ, तरोटा (टाकळा) सगळं सोबत येतं.

उपटायचं ते पावसानंतर, जमीन ओली असताना, मुळासकट. विळ्यानं कापलं तर बुडातून चार फांद्या फुटतात. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. काहींच्या कातडीवर चट्टे उठतात, आणि एकदा सुरू झाले की पुढच्या वेळी नुसत्या जवळून जाण्यानंही त्रास होतो. पानं खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये भारतात आणला, तो पावसाळ्यात मदतीला येतो, त्यामुळे झाडावर पट्टेदार भुंगे दिसले तर ती झाडं फुलं येईपर्यंत राहू द्या, भुंगे पुढच्या झाडांवर जातील.

धुऱ्याची जागा उपटून रिकामी ठेवलीत तर ते परत येणारच. एप्रिल-मेमध्ये तिथं तरोट्याचं बी दाट फेकून ठेवा. पहिल्या पावसात तो गाजरगवताच्या आधी जागा धरतो, आणि कोवळा असेपर्यंत भाजीही होते. शेंगा वाळायच्या आत मात्र वाडीच्या बाजूची ओळ कापून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी वांग्यात तरोटा निंदावा लागेल.