एकच क्रियापद, रोजची वाक्यं: ‘पिक अप’ (अनुभव धागा)

गोदाकाठची
कॉलेज रोडला एका स्कूल व्हॅनच्या मागे ‘पिक अँड ड्रॉप’ लिहिलेलं दिसलं आणि शाळेतली ती दोन रकान्यांची यादी आठवली. डावीकडे ‘पिक अप’, उजवीकडे ‘उचलणे’, पाठ करा नि पान उलटा. वाक्यात ते कुठे तुटतं, कुठे जोडून राहतं, कोणत्या मराठी शब्दाच्या जागी बसतं आणि कुठे बसत नाही, हे त्या यादीत नव्हतं. म्हणून हा धागा. आपापल्या कामातली वाक्यं द्या. सध्या फक्त ‘पिक अप’, बाकीची क्रियापदं पुढच्या वेळी.

व्याकरणवाली
मुळातली अडचण सांगते. मराठीत आपण ‘पिकअप केलं’ म्हणतो. म्हणजे ते आपल्याकडे नाम होऊन आलंय आणि काळ दाखवायचं काम ‘करणे’कडे गेलंय. इंग्रजीत काळ पहिल्या शब्दावर चढतो: पिक, पिक्ड, पिकिंग. ‘अप’ जसंच्या तसं. आपल्या ‘उचलून घेतलं’मध्ये नेमकं उलट आहे, ‘उचलून’ हलत नाही आणि ‘घे’ची रूपं होतात. म्हणून तोंडात ‘आय डिड पिकअप’ येतं. हवं: ‘आय पिक्ड अप द पार्सल.’

दुसरं, सर्वनाम मध्येच घालायचं. ‘पिक इट अप’, ‘पिक देम अप’. ‘पिक अप इट’ चूकच. नाम मात्र दोन्ही जागी चालतं: ‘पिक अप द बॅग’, ‘पिक द बॅग अप’. वस्तूचं वर्णन लांबलं तर ते शेवटी ठेवा: ‘पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम पुणे यस्टरडे.’ इथे ‘अप’ पार टोकाला नेलं तर ऐकणाऱ्याला वाक्य संपेपर्यंत अर्थ लागत नाही.

सिडको_रिक्षास्टँड
गाडीच्या बाबतीत ‘पिक मी फ्रॉम सीबीएस’ (सीबीएस म्हणजे नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक) सर्रास ऐकू येतं. ‘पिक मी’ म्हणजे मला निवडा. न्यायला या म्हणायचं तर ‘पिक मी अप फ्रॉम सीबीएस’. आणि त्या व्हॅनवर ‘पिक अप अँड ड्रॉप ऑफ’ हवं होतं.

निफाडकर
द्राक्षवाल्यांनी इथे लक्ष द्या. वेलीवरून घड तोडणं म्हणजे ‘पिक’, त्याला ‘अप’ नाही. ‘वी पिक द बंचेस अर्ली इन द मॉर्निंग.’ खाली पडलेलं किंवा ठेवलेलं उचलणं म्हणजे ‘पिक अप’. ‘पिक अप द फॉलन बेरीज.’ आणि भरलेले क्रेट न्यायला गाडी येते तेही ‘पिक अप’च: ‘द ट्रक विल पिक अप द क्रेट्स ॲट फोर.’ एक्स्पोर्टवाल्याला मेसेज करताना ‘वी विल पिक अप ग्रेप्स टुमॉरो’ लिहिलंत तर तो समजेल माल तोडून तयार आहे, फक्त उचलायचाय. तोडणी उद्या असेल तर ‘वी विल पिक टुमॉरो’. एका ‘अप’ने गाडी एक दिवस आधी बांधावर येऊन उभी राहते.

दिंडोरी_बाग
@निफाडकर बरोबर. मजुरांसाठीही हेच, ‘पिकर्स’ म्हणजे तोडणारे. तुम्ही क्रेटच्या तळाला कागद घालता का?

निफाडकर
@दिंडोरी_बाग घालायचाच. घड देठाला धरून कात्रीने कापायचा, मण्याला बोट लावायचं नाही, क्रेट गळ्यापर्यंत भरायचं नाही. प्लास्टिकला मणी घासला की वरचा पांढरट मेणाचा थर जातो, मग माल शिळा दिसतो.

गोदाकाठची
द्राक्षांसाठी वेगळा धागा काढू या का? माहिती चांगली येतेय, हरवायला नको.

ओट्यापाशी
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. ‘निवडणे’ला ‘पिक अप’ करू नका. मेथी निवडणं: ‘पिक द लीव्ह्ज ऑफ द स्टेम्स.’ तांदूळ निवडणं: ‘पिक ओव्हर द राइस.’ त्यातला खडा काढणं: ‘पिक आउट द स्टोन्स.’ आपला शब्द एकच, तिकडे तीन. जमिनीवर सांडलेले तांदूळ वेचणं, तिथे मात्र ‘पिक अप’.

सातपूर_गॅरेज
गाडीचा पिकअप राहिला की. ‘गाडीला पिकअप नाही’ हे आपलं नाम झालं. क्रियापद वापरायचं तर ‘द बाइक इजन्ट पिकिंग अप स्पीड’. इथे ‘स्पीड’ हा शब्द ‘पिकिंग’ आणि ‘अप’च्या मध्ये घालत नाहीत. एअर फिल्टर चोंदला, प्लग काळा पडला किंवा क्लच प्लेट घसरायला लागली की हे होतं. ओळखायची खूण: इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर आधी क्लच बघा. आवाजच दबलेला असेल तर फिल्टर आणि प्लग.

अंबडवाले
@सातपूर_गॅरेज क्लच केबलचा फ्री प्ले (थोडी ढील) पण लिहा, अगदी ताठ असली तर प्लेट नवी असूनही घसरते.

सातपूर_गॅरेज
@अंबडवाले हो, तो आधी तपासायचा. प्लेट त्यानंतर.

देवळाली_कॅम्प
फोन: ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ नको. ‘ही इज नॉट पिकिंग अप.’ एवढंच पुरतं, ‘फोन’ म्हणायचीही गरज नाही.

लासलगाव_बाजार
भाव सावरले म्हणायला: ‘ओनियन प्राइसेस हॅव पिक्ड अप.’ यात आधीची मंदी धरलेली आहे. भाव आधीच चढे असून आणखी चढले तर ‘हॅव गॉन अप’ लिहा. आणि भाव आपले आपण सावरतात, म्हणून पुढे कर्म येत नाही. ‘ट्रेडर्स पिक्ड अप द प्राइसेस’ असं वाक्य होत नाही.

अंबडवाले
भाषेसाठीही वापरतात. बाहेरून आलेला कामगार कंपनीत ऐकून ऐकून मराठी शिकला तर ‘ही पिक्ड अप मराठी ॲट वर्क’. क्लास लावून, पुस्तक घेऊन शिकला तर ‘लर्न्ट’. बायोडेटात ‘आय पिक्ड अप टॅली’ (टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर) लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार कोर्स केलेला नाही, बघून बघून आलंय.

व्याकरणवाली
@अंबडवाले फार नेमकं. एक सावधगिरीही लिहून ठेवते, मुलांना शिकवणाऱ्यांसाठी. ‘ही पिक्ड अप अ गर्ल’ याचा अर्थ अनोळखी मुलीशी सलगी केली असाही घेतला जातो. आणायला गेला म्हणायचं असेल तर कोण आणि कुठून ते सांगा: ‘ही पिक्ड अप हिज डॉटर फ्रॉम स्कूल.’ आणि ‘पिक ऑन’ हे पूर्ण वेगळं, एखाद्यालाच धरून त्रास देणं. दोन्ही एका ओळीत पाठ करून घेऊ नका, मुलं अदलाबदल करतात.

उच्चाराचं: क्रियापद असेल तर जोर ‘अप’वर, ‘पि-कप्’ असं जोडून. भूतकाळात ‘पिक्टप’, ‘पिकेड’ नव्हे. नाम असेल तर जोर ‘पिक’वर आणि लिहिताना एक शब्द: पिकअप. क्रियापद नेहमी दोन शब्दांत.

ओट्यापाशी
हे आज संध्याकाळीच वहीत उतरवते. ताई, लिहीत राहा.

मनमाड_अपडाउन
नाशिक रोडला उतरल्यावर कॅबवाल्याला पाठवायचं वाक्य कोणी तयार देईल का? रात्री उशिराची गाडी आहे.

सिडको_रिक्षास्टँड
‘प्लीज पिक मी अप ॲट द मेन गेट ऑफ नाशिक रोड स्टेशन ॲट टेन थर्टी.’ गाडी लेट झाली तर ‘प्लीज पिक मी अप ॲट इलेव्हन इन्स्टेड.’ बाहेर गर्दी असते, गेटचं नाव घातलंच पाहिजे.

मनमाड_अपडाउन
कॉपी केलं, धन्यवाद दादा.