पैसे भरून घेतलेल्या ई-पुस्तकाला कुलूप का?

दांडियाबाजारकर: आत्याला दोन वर्षं झाली अक्षर दिसत नाही, डोळ्यापुढे मधोमध काळा डाग येतो. म्हणून मी पाच मराठी ई-पुस्तकं विकत घेऊन दिली, म्हटलं फोन वाचून दाखवेल. तर फोन पुस्तकाचं नाव वाचतो आणि पान उघडलं की गप्प. कारण काय तर डीआरएम, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून मजकूर असा कुलूपबंद केलेला की वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मिळतच नाही. आत्या कितीतरी वेळ फोन कानाला लावून बसलेली, मग म्हणाली, "बंद पडला का रे?" दुकानाला तीन मेल केले, उत्तर एकच, प्रकाशकाची परवानगी नाही. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनना बोलावून वाचनालयं उभी केली, पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यापाड्यात पाठवली, त्या बडोद्यात बसून मी घेतलेलं पुस्तक आत्याला ऐकवू शकत नाही, याचा फार राग येतो.

रावपुरा_प्रकाशन: आत्यांबद्दल वाईट वाटलं, पण वाचनालयाचं उदाहरण चुकतंय. तिथली एक प्रत एका वेळी एकाच घरी जाते, फाइल एका रात्रीत हजार घरी जाते. मी छोटा प्रकाशक आहे, दिवाळीत काढलेल्या पुस्तकाची पीडीएफ आठव्या दिवशी एका ग्रुपवर फिरत होती आणि लेखिकाबाईंना त्यांच्याच भाचीनं ती पाठवली, "मावशी तुझं पुस्तक फुकट मिळालं" म्हणून. कुलपानं चोर थांबत नाही हे मलाही कळतं हो, पण चांगली माणसं सहज फॉरवर्ड करतात ते थांबतं.

मांडवीचा_वाचक: ती पीडीएफ कुलूप तोडून आलेली का?

रावपुरा_प्रकाशन: नाही, छापील पुस्तकाचे फोटो. कडेला कुणाचा तरी अंगठा दिसतो.

मांडवीचा_वाचक: मग कुलपानं काय वाचवलं असतं? चोरलेली प्रत सगळीकडे उघडते, पैसे भरलेली अडते. २००७ मध्ये अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सनं जाहीर लिहिलं की गाण्यांवरची कुलपं काढा, २००९ मध्ये त्यांच्या आयट्यून्स या गाण्यांच्या दुकानातली निघाली आणि गाणी विकली जातच राहिली. टॉर या प्रकाशनानं २०१२ मध्ये ई-पुस्तकं मोकळी केली. उलट २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं ऑरवेलची पुस्तकं लोकांच्या किंडल या वाचनयंत्रांमधून परस्पर पुसली, का तर विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत दिले, पण कपाटातलं पुस्तक असं कुणी नेतं का? आणि दांडियाबाजारकर, आपला कॉपीराइट कायदा वाचा. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ए आलं, हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, पण कायद्यानं मना नसलेल्या कामासाठी तोडणं हा गुन्हा नाही. त्याच दुरुस्तीनं अपंगांना वाचता येईल अशी प्रत करायला मुभा दिली. दुसऱ्याला तोडून देणाऱ्यानं मात्र त्या दुसऱ्याचं नाव, पत्ता, कारण सगळं लिहून ठेवायचं.

रावपुरा_प्रकाशन: मुभा आहे पण तोडायचं कसं हे आत्यांना कुठून येणार, एवढं मी मान्य करतो. वाचून दाखवायची सोय आम्हीच चालू ठेवायला हवी, ती बंद आहे का हे मी स्वतःच्या पुस्तकांबाबत कधी बघितलंच नाही, उद्या बघतो. पण सरसकट मोकळी फाइल मी देणार नाही. त्या बाईंनी चार वर्षं घालवलीत त्या पुस्तकावर.

अलकापुरी_७: मग प्रत्येक पानाखाली घेणाऱ्याचं नाव छापा ना, काही परदेशी दुकानं तसं करतात. फॉरवर्ड करताना माणूस आपलं नाव बघून थांबेल, वाचताना अडणार नाही.

रावपुरा_प्रकाशन: आणि फोन हरवला, फाइल भलत्यानं पसरवली, तर नाव कुणाचं खराब? कुलूप निदान कुणाला बदनाम करत नाही.

दांडियाबाजारकर: आत्याचं नाव प्रत्येक पानावर छापा, ती आनंदानं हो म्हणेल. तोवर रात्री जेवणं झाली की मीच वाचून दाखवतो. पहिल्या पुस्तकाचं सतरावं पान चालू आहे, पाच पुस्तकं आहेत आणि महिन्यातले पंधरा दिवस माझी रात्रपाळी असते. रावपुराकर, उद्या बघितलंत की इथे लिहा, मी वाट बघतोय.