मदत हवी आहे: लॉकडाऊनमध्ये राहिलेल्या लसी आता कशा द्यायच्या?

नमस्कार मंडळी. धारूर तालुक्यातल्या आमच्या शेजारच्या ऊसतोड कुटुंबासाठी विचारतोय. त्यांची मुलगी जानेवारी २०२० ची. कार्डावर जन्मल्यावरच्या बीसीजी, पोलिओ, कावीळ एवढ्याच लसी आहेत. दीड महिन्याच्या पेंटाव्हॅलंटच्या (पाच रोगांवरची एकत्र लस) वेळी आईबाप कारखान्यावर कोपीत (झोपडीत) होते, मग लॉकडाऊन लागला. गावी आले तर क्वारंटाइन, लसीकरण बंद, आशाताई कोरोनाच्या सर्व्हेत. पुढच्या हंगामाला पुन्हा बिऱ्हाड बाहेर. गोवराची लसही राहिली, आणि आता, २०२२ च्या अखेरीस, मुंबई-मालेगावात गोवराची साथ आहे. जिवाला घोर लागलाय.

गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, हे माहीत आहे. पण पेंटाव्हॅलंट वर्षाच्या आत सुरूच झाली नाही, तर आता डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) देतात ना? किती अंतराने? दोन्ही एकाच दिवशी चालतात का?

खरी अडचण पुढंच आहे. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलीय, आठवडाभरात ते सांगलीकडे निघतील. आजीजवळ ठेवा म्हटलं, तर आजीही तोडीलाच जाते. उरलेले डोस तिकडच्या आरोग्य केंद्रात याच कार्डावर मिळतील का? फडावर लसीकरण केलेल्या कुणी नर्सताई गटात असतील तर कृपया लवकर सांगा.