सिस्टरांनी त्या क्षणी नेमकं काय केलं? तुमचे अनुभव लिहा

१२ मे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस, परिचारिका दिन म्हणून जगभर पाळला जातो. त्या दिवशी शुभेच्छा सगळेच देतात. मला हवं आहे ते थोडं वेगळं. आणीबाणीच्या वेळी एखाद्या सिस्टरने किंवा ब्रदरने सगळ्यांना सावरून धरलेलं तुम्ही पाहिलं असेल, तर ते लिहा. ‘फार छान काळजी घेतली’ एवढ्यावर थांबू नका. त्या काय बोलल्या, कुणाला कुठलं काम दिलं, हात कसे चालत होते, तेही येऊ द्या.

सुरुवात मी करते. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या रात्री बाबा बोलता बोलता गप्प झाले. मी किंचाळले. सिस्टर आल्या, खांदे हलवून हाक मारली, मानेवर बोटं ठेवली, पलंग सपाट केला आणि छाती दाबायला लागल्या. दाबता दाबताच एकेकाला नावाने हाक मारून काम सांगत होत्या: तू क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची आणि साहित्याची गाडी) आण, तू डॉक्टरांना बोलाव, तू वेळ लिही. आवाज जराही चढला नव्हता. दोन मिनिटांनी ‘बदली’ म्हणाल्या आणि ब्रदरने तीच लय उचलली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं असतं, आणि दमलेल्या हातांचा दाब उथळ पडतो म्हणून माणूस बदलतात, हे मला नंतर कळलं. हात मोकळे होताच त्यांनी पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. माझे गुडघे थरथरताहेत हे त्यांनी तेवढ्यात कधी पाहिलं कोण जाणे! बाबा वाचले.



मी तेव्हा नवखा डॉक्टर होतो. अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिल्यावर पेशंटला तीव्र ॲलर्जी आली. अंगभर गांध्या, श्वासाला घरघर, रक्तदाब खाली. मी घाईत म्हणालो, ‘ॲड्रेनलिन द्या, शिरेतून.’ सीनियर सिस्टरांनी सिरिंज भरली, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या सुरात विचारलं, ‘सर, अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत देते. बरोबर?’ मी ‘हो’ म्हणालो. ‘अर्धा मिलिग्रॅम, मांडीत दिलं,’ असं बोलून त्यांनी वेळही सांगितली. अशा वेळी पहिला डोस स्नायूतच द्यायचा असतो. शिरेतून एकदम दिला तर हृदयाची लय बिघडू शकते. मला पाठ होतं, आणि नेमकं तेव्हाच आठवलं नाही. त्यांनी चूक रोखली, पण पेशंटसमोर माझा पाणउतारा केला नाही. ऑर्डर परत बोलून दाखवायची सवय मला त्या दिवशी लागली, आज माझ्या ज्युनियरना मी तीच लावतो.



बाळंतपणानंतर रक्त थांबेना. एक सिस्टर पोटावरून गर्भाशय सतत चोळत होत्या, दुसरी भिजलेले पॅड वजनकाट्यावर टाकून आकडे मोठ्याने सांगत होती. नुसत्या नजरेने अंदाज घेतला तर तो बहुतेक वेळा कमीच निघतो, म्हणून वजन करतात म्हणे. मला फक्त पहिलीचा चेहरा दिसत होता. ‘दुखतंय, माहितीये मला. पण मी हात काढणार नाही. बाळ ठीक आहे, तू माझ्याकडे बघ.’ मला खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे.



माझा भाऊ वाचला नाही. तरी लिहिते आहे. सगळं थांबल्यावर सिस्टरांनी आम्हाला लगेच आत घेतलं नाही, ‘पाच मिनिटं द्या’ म्हणाल्या. पडद्याच्या फटीतून दिसलं: त्याच्या गालावरची चिकटपट्टी त्या ओल्या कापसाने हळूहळू सोडवत होत्या. त्याला दुखू नये, अशा.



एकोणीस वर्षं आयसीयूत काम करते. लोक म्हणतात, तुम्ही किती शांत असता. माझी शांतता ड्यूटीच्या पहिल्या दहा मिनिटांत तयार होते. क्रॅश कार्टचं सील बघायचं, सक्शन (घशातला स्राव ओढून काढायचं यंत्र) चालू करून बघायचं, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघून श्वासनळीत नळी घालायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का, ऑक्सिजन किती आहे, औषधांच्या तारखा. हे झालेलं असलं की वेळ आल्यावर शोधाशोध होत नाही. हात माझेही थरथरतात, पण नंतर, हात धुताना. आणि एक सांगायचंच आहे: आमच्या मावशी लिफ्टचं दार धरून उभ्या राहिल्या नसत्या, तर एकदा रक्ताच्या पिशव्या वेळेत पोचल्या नसत्या. कौतुकाच्या पत्रात मावशींचं नाव मी अजून पाहिलेलं नाही.



पुन्हा मीच, धागा काढणारी. मावशींचं वाचून फार लागलं. नाव माहीत नसेल तर वॉर्ड, तारीख आणि पाळी लिहून मेट्रनना (मुख्य परिचारिकांना) पत्र द्या; ड्यूटी रजिस्टरवरून माणूस सापडतो. सिस्टरांसाठी मी पत्र दिलं होतं. पण ‘बदली’ ऐकून पुढे आलेल्या ब्रदरचा त्यात उल्लेखही नाही. दुसरं पत्र आज लिहायला घेतलंय.