मदत हवी आहे : चेंडू हिसकावण्यावर विसंबलेला बचाव कितपत टिकतो?

अमेरिकन फुटबॉलच्या जाणकारांकडून एका प्रश्नावर मार्गदर्शन हवे आहे. शिकागो बेअर्सच्या बचावफळीने २०१८ च्या हंगामात २७ इंटरसेप्शनसह (प्रतिस्पर्ध्याने फेकलेला पास मध्येच पकडणे) तब्बल ३६ वेळा प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घेतला आणि संघाने १२ सामने जिंकले. पुढच्याच वर्षी, खलील मॅकसारखा अव्वल बचावपटू संघात असूनही, हा आकडा १९ वर घसरला आणि विजय ८ वर आले. लंबगोल चेंडू हातातून निसटून जमिनीवर आपटला की तो कोणीकडे उसळेल याचा नेम नसतो, त्यामुळे असा निसटलेला चेंडू (फंबल) हाती लागणे हा बराचसा नशिबाचा भाग आहे, हे मला पटते. परंतु डॅलस काउबॉइजने २०२१ मध्ये ३४ आणि २०२२ मध्ये ३३ वेळा चेंडू मिळवून दोन्ही वर्षी लीगमध्ये पहिला क्रमांक राखला, तोही त्यांचा बचावपटू ट्रेव्हॉन डिग्जची इंटरसेप्शन ११ वरून ३ वर आलेली असताना. तेव्हा काउबॉइजकडे असलेल्या मायका पार्सन्ससारखा बचावपटू क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूला) घाईघाईने पास टाकायला भाग पाडतो, हेच त्यामागचे मुख्य कारण असावे, असे मला वाटते. तेव्हा पुढच्या हंगामाचा अंदाज बांधताना क्वार्टरबॅकवरील दबाव, हात लावून पाडलेले पास आणि तिसऱ्या डाउनवरील (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या) कामगिरी यांपैकी कशाला अधिक वजन द्यावे? शिवाय २०१८ नंतर बचावफळीचे प्रशिक्षक व्हिक फँजिओ बेअर्स सोडून डेन्व्हरला गेले, त्या बदलाचा परिणाम यातून वेगळा कसा काढावा?