आर्किटेक्ट: आधी परदेशातल्या ऑफिसात नोकरी, मग बेळगावात स्वतःचा स्टुडिओ... किती वर्षांनी?

टिळकवाडी_रेवा

नमस्कार सगळ्यांना. बी.आर्क. बेळगावातच केलं, मग पुण्यात एका मध्यम ऑफिसात दोन-अडीच वर्षं झाली, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशनही झालंय. आता रॉटरडॅमच्या एका ऑफिसची ऑफर येईल असं दिसतंय, आणि लंडनच्या एका मोठ्या ऑफिसलाही पोर्टफोलिओ पाठवलाय. पुढं बेळगावातच स्टुडिओ काढायचा हे माझं पक्कं आहे. पण घरी बाबा म्हणतात मग जातेस कशाला, उद्यमबागेजवळ आपला गाळा रिकामा आहे, आत्ताच बोर्ड लाव. कॉलेजची सीनिअर म्हणते तीन-चार देशांत मिळून दहा वर्षं काम केल्याशिवाय परत यायचं नावच काढू नको. मला दोन्ही पटत नाही. किती वर्षं, कसल्या ऑफिसात, आणि तिथं नेमकं काय शिकायचं? जे जाऊन परत आलेत त्यांनी सांगा की प्लीज.

खानापूरकर

रेवा, मी आधी लंडन, मग स्वित्झर्लंडमधलं एक छोटं ऑफिस असं करून आता खानापूर रोडला स्वतःचं ऑफिस चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर्षं मोजू नको. रॉटरडॅम म्हटलं की सगळे ओएमएमधून, म्हणजे रेम कूलहासच्या तिथल्या नावाजलेल्या ऑफिसातून, बाहेर पडलेल्यांची नावं सांगतात. झहा हदीदनं तिथून निघून १९८० ला लंडनमध्ये स्वतःचं ऑफिस काढलं, विनी मास आणि याकोब व्हान रेइसनी नाताली द व्रीसला घेऊन १९९३ ला एमव्हीआरडीव्ही नावाचं ऑफिस काढलं, आणि ब्यार्के इंगेल्स तर १९९८ ते २००१ एवढाच होता तिथं. हे वाचून वाटतं की मोठ्या ऑफिसात तीनेक वर्षं काढली की स्टुडिओ निघतो. पण त्यांना पहिलं काम कुठनं मिळालं ते बघ. तिकडं तरुणांना खुल्या स्पर्धा असतात, एमव्हीआरडीव्हीवाल्यांनी ऑफिस काढायच्या आधीच १९९१ ला बर्लिनच्या डिझाइनवर युरोपॅन ही स्पर्धा जिंकली होती, ती चाळिशीच्या आतल्यांसाठीच असते. आपल्याकडं पहिलं काम म्हणजे मामाच्या ओळखीतल्या कुणाचं तरी तीस बाय चाळीसच्या साइटवरचं घर. तिथं स्पर्धेचे सुंदर रेंडर कामाला येत नाहीत, पावसात भिंत कोरडी राहिली का नाही तेच लोक बघतात आणि गावभर सांगतात, आणि त्यावरच दुसरं काम येतं.

लंडनला मी मोठ्या टीममध्ये होतो, शिकलो बरंच, पण हाडात भिनलं ते छोट्या ऑफिसात. तिथं छताच्या कडेचा सेक्शन एकास पाचमध्ये काढायला लावायचे, थेंब कुठनं निघणार, कुठं तुटणार, भिंतीला लागणार का, सगळं विचारायचे. इकडं आल्यावर जांबोटीकडं एक घर मिळालं, चिऱ्याच्या भिंती, आणि तिकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेपासून दोन इंच आत बोटभर खाच ठेवायची असं मी ड्रॉइंगमध्ये दाखवलं होतं. गवंड्यानं प्लास्टर करताना ती बुजवून टाकली, म्हणाला खालनं कोण बघूलंय साहेब. मी बाटलीभर पाणी घेऊन वरनं ओतलं. बुजवलेल्या ठिकाणी पाणी छज्ज्याच्या पोटावरनं सरपटत भिंतीपर्यंत गेलं, आणि जिथं एक हातभर खाच उघडी राहिली होती तिथं टपकन खाली पडलं. तो नुसता बघत उभा राहिला. पुढच्या छज्ज्याला त्यानं आपणहून सेंट्रिंगमध्येच लाकडी पट्टी ठोकली म्हणजे खाच ओतकामातच तयार होते, आणि आता दुसऱ्यांच्या साइटवरही तसंच करतो. मला विचारशील तर परदेशातनं आणण्यासारखं हेच आहे, कारण इमारत कशी टिकते हे समजलं की ते जर्मन विटेत सांगा नाहीतर आपल्या चिऱ्यात.

म्हणून ऑफर बघताना एकच विचार, एक तरी प्रोजेक्ट पहिल्या स्केचपासून साइटपर्यंत हातात राहील का. बाळकृष्ण दोशींचं बघ, पुण्याचा माणूस, १९५१ ला पॅरिसला ल कॉर्बुझिए या मोठ्या आर्किटेक्टकडं गेले, सुरुवातीला तर पगारही नव्हता, आणि १९५४ ला परत आले ते अहमदाबादला कॉर्बुझिएच्याच इमारतींची कामं साइटवर उभं राहून बघायला. जे कागदावर काढलं ते काँक्रीटमध्ये उतरताना त्यांनी बघितलं, आणि मग १९५६ ला वास्तुशिल्प हे स्वतःचं ऑफिस. पुढं स्वतःचं ऑफिस चालू असताना अमेरिकन आर्किटेक्ट लुई कानबरोबर अहमदाबादच्या आयआयएमचं कामही केलं, म्हणजे बोर्ड लावला की शिकणं थांबतं असंही नाही. २०१८ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टांचं सगळ्यात मोठं पारितोषिक, मिळालं तेव्हा नव्वदीत होते.

निपाणी_मधुरा

खानापूरकरांशी सहमत, फक्त कागदपत्रांचं मी सांगते कारण यात पोरं फसतात. लंडनला गेलीस तर इथं आर्किटेक्ट असलीस तरी तिथं एआरबीकडं (आर्किटेक्टांचं नोंदणी मंडळ) नोंद झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, कायद्यानंच, तोपर्यंत हुद्दा आर्किटेक्चरल असिस्टंट. त्यात कमीपणा नाही पण पगार आणि जबाबदारी त्यावर ठरते. आर्किटेक्ट हे नाव नेदरलँड्समध्येही राखीव आहे, तिथलं वेगळं रजिस्टर असतं. व्हिसासाठी ऑफिस तिकडच्या आयएनडीकडं (इमिग्रेशन खातं) मान्यताप्राप्त स्पॉन्सर आहे का ते पहिल्यांदा विचार, आणि हायली स्किल्ड मायग्रंटला जी किमान पगाराची अट असते ती तिशीच्या आतल्यांना कमी असते, म्हणजे तुझं वय आत्ता तुझ्या बाजूनं आहे. इंटर्नशिप म्हणून बोलावत असतील तर आधी पूर्ण चौकशी कर.

आणि आपल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिकडनं न चुकता रिन्यू करत रहा. १९७२ च्या कायद्यानं इथं आर्किटेक्ट हे नाव लावायला तेच लागतं, परत येऊन त्यासाठी धावाधाव नको.

मी स्वतः एका भल्यामोठ्या ऑफिसात होते (नाव राहू दे), एअरपोर्टचं काम, आणि बराच काळ फक्त जिने आणि दरवाज्यांचे शेड्यूल. जिन्यातलं सगळं येतं मला आता, पण क्लायंटशी एक वाक्य बोलायला मिळालं नाही, साइट फोटोतच बघितली. लहान ऑफिस मिळत असेल तर तेच घे असं मी मनापासून सांगते.

काका_शहापूर

मी आर्किटेक्ट नाही, कंत्राटदार आहे, या सगळ्यांची ड्रॉइंगं बांधत आलोय. पोरी, बाबांचं पण ऐक थोडं. गाळा आहे म्हणजे भाडं नाही, आणि नवीन ऑफिस पहिल्या दोन वर्षांत भाड्यानंच मरतं. पण जा, जरूर जा. आपल्या घाटाखालच्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे चाळीसच्या दशकात हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस या नामवंत आर्किटेक्टकडं शिकायला गेले, परत येऊन आधी सरकारी नोकरीत लॅबोरेटऱ्या बांधल्या आणि मग १९५५ ला शौकत राय यांना घेऊन फर्म काढली. म्हणजे परतल्यावर लगेच बोर्ड लावलाच पाहिजे असं काही नाही, मधे इथं कुणाच्या तरी हाताखाली एक-दोन कामं कर, तेवढ्यात माणसं कळतात, कुठला गवंडी सरळ, कुठल्या खाणीचा चिरा पोचट.

आणि कागद. ड्रॉइंग इंग्लिशमध्ये, मालक मराठी, उतारा कन्नडमध्ये. शहरात कॉर्पोरेशन आणि बुडा (शहर विकास प्राधिकरण), खेड्यात पंचायतीचा ई-स्वत्तूवरचा, म्हणजे ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, उतारा असल्याशिवाय हात लावू नये. कन्नड वाचता येत नसेल तर तिकडं डच शिकतानाच हेही शिकून घे. हे रॉटरडॅमला कोण सांगणार नाही. फीचंही आधी लिहून घ्यायला शिक, इथं लोक प्लॅन काढून घेतात, स्क्वेअर फुटाला किती असं विचारतात आणि साइटवर बोलावतच नाहीत, त्यात तुझी ती खाच कोण बघणार.

टिळकवाडी_रेवा

खूप खूप आभार सगळ्यांचे, बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, ते काकांच्या बाजूचे झालेत. रॉटरडॅमवाल्यांना आजच मेल केला, कुठल्या प्रोजेक्टवर घेणार, तो कुठल्या टप्प्यावर आहे, साइटला जायला मिळेल का, आणि स्पॉन्सरचंही विचारलं. खानापूरकर, जायच्या आधी जांबोटीचं घर बघायला मिळेल का?

खानापूरकर

ये की. जुलैमध्ये ये, पाऊस असताना. गवंडी पण तिथंच असेल, शेजारच्या कामावर, त्यालाच विचार काय विचारायचं ते.

निपाणी_मधुरा

रेवा, ऑफर लेटर आलं की सही करायच्या आधी मला मेसेज कर, ओव्हरटाइमचं कलम आपण दोघी मिळून वाचू.